छायाचित्राखालचे नाव

जुन्या युद्धप्रसंगांची छायाचित्रे अलीकडे स्मरणिकांतून, गौरवग्रंथांतून आणि संस्थांच्या भिंतींवरून विपुल दिसू लागली आहेत. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने १९४८ च्या सप्टेंबरातील म्हणून पुष्कळ चित्रे पुन्हा लोकांसमोर आली. ही गोष्ट अभिनंदनीय आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या चित्रांखाली जी नावे छापली जातात ती कोणत्या आधारावर, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पोथीतील एखादी ओवी मूळची की प्रक्षिप्त, यावर आपले पंडित वर्षानुवर्षे वाद घालतात. खाकी पोशाखातील एका अनोळखी अधिकाऱ्यास मात्र 'कर्नल अमुक' म्हणून उभे करण्यास कोणा एकाची आठवण पुरेशी होते. जो विवेक आपण पोथीला लावतो तोच छायाचित्रालाही लावला पाहिजे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

ओळख पटविणे म्हणजे काय, याचा एक उत्तम धडा धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाने घालून दिला आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून तेर महाराष्ट्रास ठाऊक आहेच. परंतु ग्रीक नाविकांच्या 'पेरिप्लस' या वृत्तांतात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले म्हणून ज्या मोठ्या नगराचा उल्लेख येतो, ते 'तगर' कोठले, हे दीर्घकाळ कोणासही निश्चित सांगता येत नव्हते. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर; डॉ. भांडारकरांसारख्या थोर व्यासंगी पुरुषाने धारूरकडे बोट दाखविले. शिलाहार राजे स्वतःस तगरपुराचे स्वामी म्हणवीत. पण बिरुदावरून गाव सापडत नाही. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी तेरचा पक्ष मांडला. तगर, तयर, तेर हा ध्वनींचा क्रम जुळत होता. पैठणपासूनचे अंतर व दिशा यांचा मेळ बसत होता. हेन्री कझिन्स यांनी तेथील जुन्या विटांच्या वास्तूंचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढील उत्खननांत रोमन व्यापाराच्या खुणा मिळाल्या. एकमेकांवर अवलंबून नसलेले हे पुरावे एकाच गावाकडे बोट दाखवू लागले, तेव्हा तेरला त्याचे जुने नाव परत मिळाले.

याच गावी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तूंतून एक संग्रहालय उभे राहिले आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती अभ्यासकांस विशेष परिचित आहे. तिचे पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी असलेले साम्य दाखवून तिचा काळ आणि घडण यांचा विचार झाला. ती कोणा विशिष्ट राणीची प्रतिमा आहे असे ठरविण्याच्या भरीस कोणी पडले नाही. नाव न देताही वस्तूविषयी पुष्कळ काही खात्रीपूर्वक सांगता येते, हा याचा बोध होय.

आता याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका स्थळाकडे वळू. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले तेव्हा पहिली महत्त्वाची झटापट नळदुर्गास झाली. बोरी नदीवरील पूल हाती येणे आवश्यक होते, आणि समोर निजामाची १ ली हैदराबाद इन्फन्ट्री होती. त्याच दिवशी शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग तेथे धारातीर्थी पडले. १९५२ साली अशोकचक्र हा सन्मान निर्माण झाला, तो त्यांस मरणोत्तर देण्यात आला. त्यांचे नाव आज आपणांस ठाऊक आहे, ते सन्मानपत्राच्या कागदामुळे. ज्यांच्यामागे असा कागद उरला नाही, त्यांचे मुखच तेवढे कोठे कोठे उरले आहे; आणि घोटाळा तेथेच सुरू होतो.

या मोहिमेतील दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांचा पोशाख इंग्रजी वळणाचा व खाकी होता. 'हैदराबाद' हा शब्द तर फारच फसवा आहे. १९ वी हैदराबाद रेजिमेंट ही निजामाची नव्हे, ती इंग्रजांच्या हिंदी सैन्यातील. १९४५ च्या ऑक्टोबरात तिला कुमाऊँ हे नाव मिळाले. तिच्याच एका पलटणीचे नेतृत्व ब्रह्मदेशातील कांगाव येथे १९४५ च्या जानेवारीत थिमय्या यांनी केले, आणि त्यांच्या शेजारी पंजाबी पलटणीचे प्रमुख होते ते आपले शंकरराव थोरात. म्हणजे हैदराबादी पलटणीचा नायक कूर्गचा आणि पंजाबी पलटणीचा नायक कोल्हापूरकडील मराठा. पलटणीच्या नावावरून माणसाचा प्रांत किंवा पक्ष ठरविणाऱ्यांनी हा एक दाखला सदैव ध्यानी ठेवावा.

खांद्यावरील चिन्हेही बेताबेतानेच बोलतात. इंग्रजी अमदानीत लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे असत, तसेच सुभेदाराच्याही. मेजरला मुकुट असे, तसाच सुभेदार-मेजरलाही. तेव्हा तारे मोजून हुद्दा सांगणारा सहज चुकतो. पदकांच्या फितींवरून मोहिमा ओळखाव्यात, तर चित्र कृष्णधवल. त्यातून पहिल्या महायुद्धाच्या काळी वापरात असलेल्या बहुतेक काचा तांबड्या रंगास जवळजवळ आंधळ्या असत, त्यामुळे तांबडी पट्टी काळी उमटे आणि निळी फिकी पडे. चित्र उलटे छापले गेले, तर डाव्या छातीवरील पदके उजवीकडे जातात.

असे असले तरी हीच चिन्हे नकार मात्र मोठ्या निश्चयाने देतात. २६ जानेवारी १९५० पासून मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. तेव्हा ज्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर सिंह आहेत, ते चित्र नळदुर्गच्या लढाईचे असूच शकत नाही, मग खाली काहीही छापलेले असो. अमुक चित्र अमक्याचे आहे हे सिद्ध करणे दुष्कर, ते त्याचे नाही हे सिद्ध करणे पुष्कळदा सोपे. आणि विवेकी संशोधक सोप्या बाजूने आरंभ करतो.

यावर कोणी म्हणेल, घरच्या माणसांची साक्ष आहे ना? आईने मुलास ओळखले, मग चिन्हांची उठाठेव कशास? या आक्षेपास उत्तर देण्यास अमेरिकेतील एक प्रसिद्ध प्रकरण उपयोगी पडेल. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर सहा सैनिक निशाण उभारीत असताना जो रोझेंथल याने घेतलेले चित्र जगभर गेले. सहाही नावे सरकारी रीतीने जाहीर झाली. हार्लन ब्लॉक नावाचा सैनिक त्याच बेटावर मरण पावला होता; त्याच्या आईने वृत्तपत्रातील पाठमोरी आकृती पाहून हा माझा मुलगा असे सांगितले, तेव्हा कोणी मानले नाही. १९४७ साली चौकशीअंती तिचे म्हणणे खरे ठरले. परंतु कथा येथे संपत नाही. जॉन ब्रॅडली यांचे नाव त्या सहांत होते. त्यांच्या मुलाने २००० साली या निशाणावर ग्रंथ लिहिला व तो लाखोंनी वाचला. हौशी अभ्यासकांनी पोशाख व अंगावरील साहित्य ताडून पाहिले आणि २०१६ साली सैन्याने मान्य केले, की त्या सहांत ब्रॅडली नव्हते, हॅरल्ड शुल्ट्झ होते. २०१९ साली आणखी एक नाव बदलले. शुल्ट्झ १९९५ सालीच वारले होते.

या प्रकरणातून घरच्यांची साक्ष निरुपयोगी ठरते असे नव्हे. ब्लॉकच्या आईची साक्ष तर सरकारी कागदाहून खरी निघाली. ठरते ते इतकेच, की आईची असो, मुलाची असो वा सरकारची असो, कोणतीही साक्ष एकटी पुरी पडत नाही. तिला दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा. आणि दुसरी गोष्ट अशी, की चुकीच्या नावाने दोघांवर अन्याय होतो. ज्याचे नाव लागले त्याच्या वारसांस पुढे कधीतरी मान खाली घालावी लागते. ज्याचे लागले नाही तो आपले स्थान गमावून बसतो.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ मानाचा नाही. १९४८ च्या सुमारास या सरहद्दीवर संस्थानी फौज होती, रझाकार होते, आणि स्टेट काँग्रेसच्या कँपांतील स्वयंसेवकही होते. बंदूक तिघांच्याही हाती होती. अशा वेळी बंदूकधारी अनोळखी माणसाखाली 'रझाकार' असे छापणे किती सोपे आणि किती भयंकर आहे! रझाकारांच्या अत्याचारांनी हा मुलूख होरपळला, हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की पोलिस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची झळ ज्या जिल्ह्यांस अधिकांत अधिक लागली, त्यांत पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबादची गणना केली आहे. ज्या भूमीत एका शब्दाने माणसाचे वैरी व सोयरे ठरत होते, तेथे तो शब्द चित्राखाली घालणाऱ्याने हात आखडता घ्यावयास नको काय?

याच्या उलट टोकाचा अन्यायही आहे. कूट-अल्-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे पडले. त्या वेढ्यातून सुटलेल्या एका उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या हिंदी शिपायाचे चित्र आजही ग्रंथांतून छापले जाते. सेनापती टाउनशेंड यांचे नाव सर्वत्र आहे. त्या शिपायाच्या चित्राखाली 'हिंदी शिपाई' एवढेच असते. त्याला केवळ मराठा पलटणीचा म्हणून आपलासा करण्याचा मोह आम्हांसही होतो. परंतु त्या वेढ्यात पंजाबी होते, राजपूत होते, गुरखे होते, आणि मोह हा पुरावा नव्हे.

मग संपादकांनी करावे काय? आमची सूचना साधी आहे. चित्राखाली प्रथम डोळ्यांस दिसते ते लिहावे: पोशाख, चिन्हे, स्थळ. मग चित्र कोणाकडून मिळाले व मागील बाजूस काही लिहिले आहे काय, ते लिहावे. नाव अखेरीस, आणि तेही कोणी व कशावरून सांगितले यासह. स्वतंत्र आधार मिळाला नाही, तर 'अज्ञात अधिकारी' असे स्वच्छ छापावे. या शब्दांत कमीपणा नाही. ते वाचून एखाद्या घरातील जुनी पेटी उघडली जाईल, एखादे निवृत्तिवेतनाचे पत्र बाहेर येईल, आणि खरे नाव लागण्याची वाट मोकळी राहील. खोटे नाव एकदा छापले गेले, की त्या माणसाचा शोधच थांबतो.