मालवाहू वाहनचालकांचा औषधोपचार व अपघाताचा धोका : एक चिकित्सा

प्रस्तावना : रस्ते अपघातांच्या विवेचनात चालकाच्या मद्यपानास जेवढे स्थान मिळते, तेवढे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या औषधांस मिळत नाही. वस्तुतः डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी चिंताशामक औषधे, अफूवर्गीय वेदनाशामके आणि क्लोरफेनिरामिनसारखी सर्दीवरील औषधे यांमुळे गुंगी येऊन प्रतिक्रियेचा वेग मंदावतो. रात्रभर ट्रक चालविणाऱ्याच्या बाबतीत ही बाब गंभीर ठरते.

कायद्यातील उणीव : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये मद्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही निश्चित मर्यादा आहे. इतर अमली व औषधी द्रव्यांबाबत मात्र वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्याची असमर्थता हा ढोबळ निकष आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत वाढविला. परंतु शिक्षा वाढल्याने निकष स्पष्ट होत नाही. शिवाय हे कलम गुन्ह्यानंतरचे आहे. गोळी घेण्यापूर्वी चालकास सावध करण्याचे कार्य ते करीत नाही.

अनुमानातील दोष : औषध घेणारा चालक अपघातात सापडला, म्हणून औषध हेच कारण, असे अनुमान सदोष आहे. ज्या आजारासाठी औषध दिले, तो आजारही धोका वाढवितो. मधुमेही चालकाने इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, तर रक्तातील साखर घसरते; त्या भीतीने उपचारच सोडला, तर दृष्टी धूसर होऊ शकते. तेव्हा सरसकट बंदी हा उपाय नव्हे. परवाना जाईल या धास्तीने चालक आजार लपवील आणि धोका नजरेआड होईल.

यात तिसरा घटक श्रमाचा आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला आठ तास ठरविली होती. तथापि तो मूलतः पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता होता. एक-दोन ट्रकांच्या मालकाकडील चालक त्याच्या कक्षेबाहेर राहिला. अपुऱ्या झोपेवर गुंगीचे औषध पडले, तर दोष केवळ औषधाच्या माथी मारता येत नाही.

तुलना : फ्रान्समध्ये औषधांच्या वेष्टनावर वाहन चालविण्याच्या धोक्याच्या तीन पातळ्या दर्शविणारी रंगीत चिन्हे छापली जातात. इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ पासून काही औषधांसाठी रक्तातील मर्यादा निश्चित आहेत. मात्र वैद्यकीय सल्ल्यानुसार औषध घेणाऱ्यास कायदेशीर बचावही उपलब्ध आहे. आपल्याकडे वेष्टनावरील सूचना बहुधा इंग्रजीत व बारीक अक्षरांत असते.

निष्कर्ष : ‘चालक औषध घेतो काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणते औषध, किती मात्रेत, केव्हा आणि किती तासांच्या विश्रांतीनंतर, हे प्रश्न विचारले पाहिजेत. डॉक्टरांनी रुग्णास त्याचा व्यवसाय विचारणे आणि वेष्टनावर चालकास वाचता येईल अशी चिन्हांकित सूचना असणे, हे दंडापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल. अन्यथा चालकास उपचार आणि उपजीविका यांतून एकाची निवड करावी लागेल.