पाकोळ्या ‘दिसल्या’, पण किती?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३च्या अहवालातला गाजलेला आकडा तुम्ही ऐकला असेल: दीर्घकालीन कल काढता आलेल्या ३३८ प्रजातींपैकी ६० टक्के घटल्या. अहवाल महत्त्वाचा आहेच. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या कोट्यवधी नोंदींतून कल काढणं खायचं काम नाही. पण उडता उडता कीटक टिपणाऱ्या पाकोळ्या-भिंगऱ्यांपाशी आलं की मला अडखळायला होतं.

अडचण मोजपट्टीची आहे. दीर्घकालीन कल काढताना पक्षी किती होते हे धरलेलं नाही; एकूण याद्यांपैकी किती याद्यांत ती प्रजाती आली, ते बघितलंय. लांब यादीत पक्षी सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून तशी दुरुस्तीही केली आहे. एकट्यादुकट्या पक्ष्याला हे चालून जातं. आपली शहरी पाकोळी मात्र वसाहत करून राहते, थव्याने उडते. समजा, घाटकोपरच्या एखाद्या पुलाखाली आज ६० पाकोळ्या आहेत आणि वीस वर्षांनी १५ उरल्या. दोन्ही वेळा यादीत पाकोळी ‘आहे’च. तीन चतुर्थांश पक्षी गेले आणि आलेख सपाट! त्यामुळे या पक्ष्यांपुढे ‘स्थिर’ असा शेरा दिसला, तर तो जपून वाचा. (आणि घट दिसली, तर खरी घट त्याहून मोठी असू शकते.)

उत्तर अमेरिकेत १९६६पासून ‘ब्रीडिंग बर्ड सर्व्हे’ चालतो. ठरलेला रस्ता, ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर ३ मिनिटं, दिसेल-ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी मोजायचा. कंटाळवाणं काम, पण त्याच्याच जोरावर २०१९ साली ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधात लिहिता आलं की हवेत कीटक पकडणारे पक्षी १९७०पासून साधारण ३२ टक्क्यांनी कमी झाले.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड हा सगळा साष्टीचा भाग. इथले पक्षी सालिम अली आणि हुमायून अब्दुलालींनी १९३०च्या दशकातच नोंदवले होते. पण ते वर्णन आहे, दरवर्षीची मोजणी नव्हे. अहवालातली २०००पूर्वीची तुलनाही त्या मानाने थोड्या याद्यांवर उभी आहे, त्यातल्या कित्येक जुन्या डायऱ्यांतून नंतर भरलेल्या. शिवाय लोक याद्या करायला जातात राष्ट्रीय उद्यानात किंवा भांडुप पम्पिंग स्टेशनला; पाकोळी राहते इमारतीच्या छज्ज्याखाली.

म्हणून ‘मुंबईत पाकोळ्या का घटल्या?’ हा विषय घेऊन गाइडकडे जाऊ नका. घटल्या का, हेच आधी ठरवायचंय. एक वसाहत, दरवर्षी तोच महिना, संध्याकाळची तीच वेळ, वापरातली घरटी मोजा. ई-बर्डवर संख्येऐवजी ‘एक्स’ टाकायची सोय आहे आणि मोठा थवा दिसला की हात तिकडेच वळतो. अंदाजे का होईना, आकडा टाका.