पॅलेट ही गरिबीची सोय नव्हती



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं डेस्कटॉप प्रोग्रामिंगमध्ये काय काम?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणूनच आजचा विषय घेतला आहे. प्रोग्राममध्ये रंग कसा सांगितला जातो, कसा सांगायला हवा, आणि चुकीच्या रीतीने सांगितला तर काय होतं, एवढंच आज पाहू. ही टीका आहे. तिच्यातले पहिले आरोपी आम्ही स्वतः आहोत, हे आधीच कबूल करून टाकतो.

सुरुवात डोळ्यापासून करू. दोन वर्षांपूर्वी आमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा तेव्हा तसाच होता. इथे जोगेश्वरी पूर्वेला, आमच्या घरात, पलंगासमोर एक पांढरी भिंत आहे. उजव्या डोळ्याने पाहिलं तर ती निळसर पांढरी दिसे, आणि डाव्याने पाहिलं तर जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळट. कारण साधं आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. हे इतकं हळूहळू होतं की आपल्याला पत्ताच लागत नाही.

आपल्या दर्शनांत भ्रमाचं एक ठरलेलं उदाहरण आहे, पिवळ्या शंखाचं. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो. हे उदाहरण आम्ही वर्षानुवर्षं वर्गात दिलं. त्यात कावीळ झालेला माणूस नेहमी दुसराच कुणीतरी असायचा. तो आपणच असू, हे काही डोक्यात आलं नव्हतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याचंही नेमकं असंच होतं. तो स्क्रीनवर रंग टाकतो तेव्हा आपला डोळा हाच डोळा, असं धरून चालतो.

आता थोडं मागे जाऊ. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी संगणकावर पहिली रेघ ओढली ती टर्बो सीमध्ये. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तकं तेव्हा घरोघरी होती. त्यांतलं एक तर खास ग्राफिक्सवरच होतं. आम्हीही संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर अंधेरीला एका क्लासला जात असू. पोरं आमच्या निम्म्या वयाची. तिथे रंग होते सोळा. शून्य म्हणजे काळा, एक निळा, दोन हिरवा, चार लाल, सहा तपकिरी, चौदा पिवळा, पंधरा पांढरा. वर्तुळ काढायचं, आकडा द्यायचा, रंग भरायचा.

आम्हाला तेव्हा अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आठवला. रूप म्हणजे फक्त डोळ्यालाच कळणारा गुण, आणि त्याचे प्रकार सात: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. न्यायवाल्यांचं पॅलेट सातांचं आणि आयबीएमचं सोळांचं, असं आम्ही वर्गात गमतीने म्हणत असू. पण गंमत बाजूला ठेवून दोन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट कपिशाची, म्हणजे तपकिरीकडे झुकणाऱ्या रंगाची. सोळांच्या यादीत सहावा रंग हिशेबाने मळकट पिवळा यायला हवा होता, कारण लाल आणि हिरवा सारख्याच प्रमाणात मिसळायचे होते. आयबीएमच्या सुरुवातीच्या रंगीत मॉनिटरमध्ये या एका क्रमांकासाठी हिरव्याचा जोर निम्मा करायची खास सोय केली होती. म्हणून तिथे तपकिरी दिसे. म्हणजे गणिताने दिलेला रंग नाकारून माणसाला हवा तो रंग तिथे बसवला होता.

दुसरी गोष्ट चित्र-रूपाची. अनेक रंगी वस्त्राला स्वतःचा एक वेगळा 'चित्र' नावाचा रंग असतो, की ते फक्त वेगवेगळ्या धाग्यांचे वेगवेगळे रंग असतात? नैयायिकांत यावर वाद आहे. सोळा रंगांच्या स्क्रीनवर हाच वाद रोज सुटायचा. नारिंगी यादीत नव्हता, म्हणून लाल आणि पिवळे ठिपके आलटून पालटून टाकायचे. जवळून पाहिलं तर ठिपके, लांबून पाहिलं तर नारिंगी. नारिंगी स्क्रीनवर आहे की पाहणाऱ्यात, याचं उत्तर तुम्ही खुर्ची किती मागे सरकवता यावर होतं.

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या काळात 'चार' हा आकडा म्हणजे लाल रंग नव्हता. तो एका खणाचा क्रमांक होता. खणात काय ठेवायचं ते वेगळं ठरवता येई. १९८४च्या ईजीएमध्ये चौसष्टांतले कोणतेही सोळा रंग निवडता येत. १९८७च्या व्हीजीएमध्ये खण दोनशे छप्पन्न झाले आणि निवड २,६२,१४४ रंगांतून. एका खणातला रंग बदलला की त्या खणाचा क्रमांक घेतलेला स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका बदले. चित्र पुन्हा काढावं लागत नसे. आमच्या भाषेत, आकडा हे पद होतं आणि रंग हा त्याचा अर्थ, आणि दोहोंतला संबंध संकेताने ठरत होता. संकेत बदलता येतो.

ही व्यवस्था निर्दोष होती असं नाही. दोनशे छप्पन्न रंगांच्या विंडोजमध्ये वीस रंग व्यवस्थेसाठी राखीव असत आणि उरलेल्या २३६ खणांवर सगळ्या प्रोग्रामांचा डोळा असे. जी विंडो पुढे, तिचा पहिला हक्क. पुढच्या विंडोने आपले रंग बसवले की मागच्या विंडोतल्या फोटोतले चेहरे हिरवे-जांभळे होत. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये बोरिवलीवाल्यांनी जागा धरल्यावर जोगेश्वरीवाल्याचं जे होतं तेच.

मग मेमरी स्वस्त झाली. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५. एकूण १,६७,७७,२१६ रंग. भांडण मिटलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि पॅलेट अडगळीत गेलं. सर्वांचा समज असा झाला की पॅलेट ही गरिबीतली सोय होती, आता श्रीमंती आली, तिची गरज नाही.

आमचा आक्षेप इथे आहे. पॅलेटबरोबर आपण टंचाई टाकून दिली हे चांगलं झालं. पण त्याच गाठोड्यात क्रमांक आणि रंग यांमधलं अंतरही टाकून दिलं. पूर्वी प्रोग्राम म्हणे, "या खणात जे असेल ते लाव." आता तो म्हणतो, "२५५, ०, ०." या वाक्यात पाहणाऱ्याला जागाच उरलेली नाही.

कुणी म्हणेल, आकडे नकोत तर नावं वापरा. डॉटनेटसारख्या साधनांत तयार नावं असतात. पण त्या नावांचा भरवसा किती? 'डार्क ग्रे' हा तिथे 'ग्रे'पेक्षा फिकट आहे: ग्रे १२८ आणि डार्क ग्रे १६९. दोन वेगळ्या याद्या एकमेकींत मिसळल्या, आणि कुणी त्यांचा मेळ घातला नाही. 'खाकी' तर २४०, २३०, १४० आहे, म्हणजे चक्क फिका पिवळा. खाक म्हणजे धूळ, राख. आपल्या पोलिसांना हा गणवेश दिला तर ते आंब्याच्या मोसमातले फळविक्रेते वाटतील. मराठीत नावांची काय कमी आहे? मोरपंखी, डाळिंबी, अबोली, आमसुली, गुलबक्षी. पण नाव इंग्रजी असो की मराठी, ते शेवटी एका ठरावीक आकड्याचंच टोपणनाव असतं. त्याने मूळ दुखणं जात नाही.

ते दुखणं आम्हाला आमच्या सोसायटीत कळलं. मेंटेनन्सच्या हिशेबासाठी एका सभासदाच्या मुलाने प्रोग्राम करून दिला होता. चांगला, विनामोबदला. त्यात नावांपुढे थकबाकीचे आकडे येत. आम्ही, म्हणजे रंगांवर ज्ञान पाजळणारे आम्ही, सुचवलं की आकड्यांचा पसारा कशाला? भरलेल्यांची ओळ फिकी हिरवी, थकलेल्यांची फिकी लाल. मुलाने तसं केलं. सगळ्यांनी वाहवा केली.

आमच्या चिटणिसांना लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनाही साठ वर्षांत कधी तपासून घ्यावं लागलं नव्हतं. युरोपच्या उत्तरेकडच्या लोकांत साधारण दर बारा पुरुषांत एकाला असा दोष असतो. आपल्याकडे प्रमाण कमी आढळतं, पण ते शून्य नाही. त्यांनी यादी पाहून थकबाकीदारांची नोटीस लावली. तिच्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं नाव होतं. एकट्या राहतात, पेन्शनवर भागवतात, आणि एका महिन्याची दिरंगाई नाही. तीन दिवस नाव फळ्यावर होतं. चूक कळल्यावर आम्ही दोघं जाऊन माफी मागून आलो. त्या काही बोलल्या नाहीत, चहा दिला. पण तेव्हापासून दर महिन्याला पावती घेऊन त्या खाली येतात आणि न विचारता दाखवून जातात. तेवढ्यानेच आम्हाला आमचं तत्त्वज्ञान पुन्हा वाचावंसं वाटलं.

याच प्रोग्रामने आमचाही काटा काढला. ऑपरेशननंतर आम्ही विंडोजची जास्त कॉन्ट्रास्टची थीम लावली: काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं. बाकी सगळं वाचता येऊ लागलं, हा एक फॉर्म मात्र कोरा. झालं असं की पार्श्वभूमी प्रोग्रामने स्वतः पांढरी ठरवून टाकली होती, आणि अक्षरांचा रंग ठरवायचं राहून गेल्याने तो आमच्या थीमकडून आला. पांढऱ्यावर पांढरं. अर्धा रंग लिहिणाऱ्याचा, अर्धा वापरणाऱ्याचा. ही चूक नवशिकेच करतात असं नाही. मोठमोठ्या प्रोग्रामांतही ती सापडते.

मग उपाय काय? तो नवा नाही, जुनाच आहे. रंगाला त्याच्या कामाने हाक मारा. विंडोजमध्ये व्यवस्थेचे रंग असतात: विंडोची पार्श्वभूमी, विंडोतली अक्षरं, निवडलेल्याची पार्श्वभूमी, निवडलेल्याची अक्षरं. ते जोडीने येतात आणि जोडीनेच वापरायचे. एक घेतला तर दुसराही तिथूनच घ्या. क्यूट नावाचं साधन तर याहून स्पष्ट आहे. त्यात या कामांच्या यादीलाच पॅलेट म्हणतात. त्यातले खण 'लाल', 'निळा' असे नसून 'मजकूर', 'पाया', 'ठळक' अशा भूमिकांचे आहेत, आणि विंडो पुढे असताना, मागे असताना, बटण बंद असताना प्रत्येक भूमिकेला वेगळा रंग देता येतो. शब्द जुना, आणि त्यामागचा विचारही जिवंत राहिला.

चित्र काढण्याच्या रीतीतही हाच धडा आहे. नवशिका बटण दाबल्यावर थेट विंडोवर वर्तुळ काढतो, विंडो लहान-मोठी करतो आणि वर्तुळ गायब होतं. कारण आपण काय काढलं ते विंडो लक्षात ठेवत नाही. गरज पडली की व्यवस्था प्रोग्रामला सांगते, "पुन्हा काढ." म्हणून काय काढायचं ते आपल्याकडे जपायचं आणि निरोप आला की काढायचं. तसा निरोप थीम बदलली तरी येतो. दर वेळी काढायचंच आहे, तर दर वेळी विचारायला काय हरकत आहे की आत्ता, या माणसाचा, मजकुराचा रंग कोणता?

आणि स्वतःचा रंग वापरायचाच असेल, तर दोन पथ्यं. एक, मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ला १ असावं, असं वेबसाठीच्या प्रचलित निकषांत सांगितलं आहे. डेस्कटॉपलाही ते लावा. मोजून पाहा. पांढऱ्यावर शुद्ध लाल जेमतेम ४ भरतो, पांढऱ्यावर पिवळा १.०७. दोन, कोणतीही माहिती फक्त रंगावर टांगू नका. इथे लिंक रोडवरचा सिग्नल पाहा. लाल नेहमी वर, हिरवा खाली. रंग न कळणाऱ्याला जागेवरून कळतं. आमच्या यादीत आता आकडे परत आले आहेत, पुढे 'थकबाकी' असा शब्दही आहे. रंगही आहे, पण तो मदतनीस म्हणून.

शेवटी एक विनंती. इथून पंधरा-वीस मिनिटांवर जोगेश्वरीची लेणी आहेत. आपल्यापैकी कित्येकांनी त्या कधी नीट पाहिल्या नसतील. पायऱ्या उतरून आत जा आणि दगडाकडे पाहा. दारातल्या उजेडात तो एक दिसतो, आत गाभाऱ्याच्या बाजूला दुसराच. दगड तोच आहे. कोणता रंग खरा, असं विचाराल तर आम्ही आता पूर्वीइतक्या ठामपणे उत्तर देणार नाही. पण तुम्ही प्रोग्राम लिहीत असाल, तर ते उत्तर तुम्ही एकट्याने देऊ नका. पाहणाऱ्यासाठी एक खण रिकामा ठेवा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.