निळं सरबत, गुलाबी निष्कर्ष

पीएचडीच्या प्रस्तावात ‘अमुक कामापासून प्रेरित’ असं लिहायची आपल्याला फार सवय असते. या प्रेरणेचा नेमका अर्थ काय, हे मला एका भलत्याच ठिकाणी कळलं: मुलांच्या पुस्तकांवरून बेतलेल्या गमतीशीर कॉकटेलांमध्ये. आज त्यांचंच थोडं परीक्षण करू. या पेयांचे मला ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार नावाचा. टिम फेडर्लीचं ‘टकीला मॉकिंगबर्ड’ (2013) हे पुस्तक घ्या. गाजलेल्या पुस्तकांच्या नावांवर कोट्या करून त्याने कॉकटेलांना नावं दिली. ‘जेन एअर’ची ‘जिन एअर’ झाली. पुढे इंग्रजी बडबडगीतांवर ‘हिकरी डायक्विरी डॉक’ हेही पुस्तक त्याने काढलं. खरी मजा नावातच आहे आणि मला यात काही गैर वाटत नाही. कोटी कोटीसारखीच वागते, चवीबद्दल मोठा दावा करत नाही.

दुसरा प्रकार रंगाचा. ‘ॲलिस’च्या नावाच्या पेयांत बऱ्याचदा आपली गोकर्ण असते. तिच्या निळ्या फुलात अँथोसायनिन गटातली रंगद्रव्यं असतात. लिंबू पिळलं की आम्लता वाढते आणि निळ्याचं जांभळं, मग गुलाबीसर होतं. दिसायला झकास! पण 1865 साली आलेल्या मूळ पुस्तकात ‘मला पी’ अशी चिठ्ठी लावलेल्या त्या बाटलीच्या प्रसंगात रंग बदलण्याचा उल्लेखच नाही. तिथे आहे ती चवींची यादी: चेरी टार्ट, कस्टर्ड, अननस, भाजलेली टर्की, टॉफी आणि लोणी लावलेला गरम टोस्ट. ते पिऊन ॲलिस दहा इंचांची होते. म्हणजे कॉकटेल करणाऱ्याने पुस्तकातून ‘जादू’ हा शब्द तेवढा उचलला आणि बाकी सगळं सोडून दिलं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. ब्रिटिश शेफ हेस्टन ब्लुमेंथालने 2009 मध्ये टीव्हीवरच्या आपल्या मेजवानीच्या कार्यक्रमात ही यादी शब्दशः मनावर घेतली आणि तिच्यातल्या चवी एका पेयात आणायचा प्रयत्न केला. हे अवघड आहे. सगळं नुसतं ढवळलं तर टर्कीही कळणार नाही आणि टॉफीही. उरेल तो एक गोडमिट्ट गोंधळ. चवी वेगवेगळ्या ठेवायच्या, तर द्रव एकमेकांत मिसळता कामा नयेत. याच शेफचा एक प्रसिद्ध चहा आहे: एकाच पेल्यात अर्धा गरम, अर्धा गार. दोन्ही भाग प्रत्यक्षात अगदी पातळ जेल असतात, म्हणून वाहतात, पण पटकन मिसळत नाहीत.

मला हे काम वरचढ वाटतं, कारण ते चुकू शकतं. पिणारा म्हणू शकतो, “मला टोस्ट लागलाच नाही.” रंग बदलणाऱ्या ‘ॲलिस’ला असं कोण काय म्हणणार? तिने काही ठरवलेलंच नसतं.

पण पिणाऱ्याला यादी आधीच माहीत असेल तर? मग त्याला टोस्ट लागणारच! इथे मला माझाच किस्सा सांगावा लागेल.

विज्ञान दिनाला मी बिनदारूचं ‘ॲलिस सरबत’ केलं होतं: गोकर्णीचं पाणी, साखर, वरून लिंबू. आधी निळं प्यायला द्यायचं, मग लिंबू पिळून गुलाबी झालेलं, आणि विचारायचं, चव बदलली का? सगळे हो म्हणाले. मी खुशीत पोस्टरवर लिहिलं, ‘रंगामुळे चव बदलते.’ एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी पोस्टर वाचून शांतपणे म्हणाली, “ताई, पण तुम्ही लिंबू टाकलंत ना?”

मी गप्प. रंग आणि आंबटपणा मी एकाच वेळी बदलले होते. हेच वाक्य मी माझ्या प्रस्तावाच्या प्रस्तावनेतही घालणार होते, ते त्याच रात्री खोडलं.

गंमत म्हणजे निष्कर्षात तथ्य असू शकतं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासासाठी तांबड्या वाइनचे शब्द वापरले. पण तिथे फक्त रंग बदलला होता. निष्कर्ष बरोबर निघणं आणि तो माझ्या प्रयोगातून निघणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग प्रयोग कसा हवा होता? दोन सरबतं घ्या. साखर आणि लिंबू दोन्हीत सारखं, गोकर्ण फक्त एकात. आधी गोकर्णीची स्वतःची चव लागते का ते तपासायचं. डोळ्यांवर पट्टी बांधून प्रत्येकाला तीन पेले द्यायचे, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतो, म्हणजे 12 जणांत साधारण 4. निदान 8 जणांनी ओळखला, तर 5 टक्के पातळीवर म्हणता येतं की फरक कळतोय. तसा कळला, तर गोकर्ण कमी करा आणि पुन्हा तपासा. न कळल्यास फरक अजिबात नाही असं लगेच सिद्ध होत नाही, म्हणून माणसं वाढवा. त्यानंतर पट्टी काढा, पेले पारदर्शक घ्या, क्रम प्रत्येकाला वेगळा ठेवा आणि आंबटपणाला दहापैकी गुण द्यायला सांगा. आता गुण बदलले तर रंगाबद्दल काहीतरी बोलता येईल.

तुमच्या प्रस्तावातलं ‘प्रेरित’ असलेलं वाक्य काढून बघा. मूळ कामातून तुम्ही नाव घेतलंय, रंग घेतलाय, की तपासता येईल अशी यादी? ॲलिसनेही बाटली तोंडाला लावण्याआधी ‘विष’ लिहिलंय का ते पाहिलं होतं. अर्थात चिठ्ठी नाही म्हणजे विष नाही, हा तिचा तर्कही कच्चाच.

पुढच्या विज्ञान दिनाला मी पुन्हा सरबत करणार आहे. पोस्टर लावण्याआधी ते त्या मुलीला वाचायला देईन.