मधुमेहातील आहारविचार : वजनकाट्याच्या मर्यादा

प्रकार दोनच्या मधुमेहात आहारनियंत्रण म्हणजे वजन घटविणे, असे समीकरण रूढ झाले आहे. अमेरिकेतील 'लुक अहेड' या अभ्यासात त्याची कसोटी लागली. ५,१४५ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना कमी उष्मांकांचा आहार व व्यायाम यांचे सघन मार्गदर्शन लाभले. त्यांचे वजन घटले, रक्तशर्करा सुधारली. तथापि हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या न घटल्याने २०१२ मध्ये हा प्रयोग थांबविण्यात आला. मूत्रपिंडविकाराचा धोका मात्र कमी झाल्याचे पुढे आढळले. याउलट, स्पेनमधील 'प्रेडिमेड' अभ्यासात उष्मांकांवर बंधन नव्हते. ऑलिव्ह तेल किंवा बदाम-अक्रोड यांची जोड असलेल्या भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार व पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण घटले. सहभागींपैकी जवळपास निम्मे मधुमेही होते. गटवाटपातील त्रुटींमुळे २०१३ चा मूळ लेख मागे घ्यावा लागला. परंतु २०१८ च्या फेरविश्लेषणातही निष्कर्ष बहुतांशी टिकला. या दोहोंची थेट तुलना करता येत नाही. तरीही, वजन घटलेला रुग्ण निर्धोक मानणे शास्त्रसंमत नाही, एवढे निश्चित होते. ज्वारी, बाजरी, डाळी व शेंगदाणे यांवर आधारलेल्या महाराष्ट्रीय आहाराचे मूल्यमापनही केवळ उष्मांकांनी न करता गुंतागुंतींच्या निकषावर होणे अगत्याचे आहे.