काचेचें कपाट आणि काचेचा पडदा

जुन्या मराठींत वस्तुसंग्रहालयास ‘अजबखाना’ म्हणत. हा शब्द आतां मागें पडला असला, तरी त्यामागील वृत्ति एका अनपेक्षित ठिकाणीं पुन्हां डोकें वर काढीत आहे. आमच्या महाविद्यालयांतील चित्रकलेची हौस असणारे विद्यार्थी अलीकडे संगणकावर जीं चिकटचित्रें रचितात (त्यांचा शब्द ‘डिजिटल कोलाज’), त्यांचें स्फूर्तिस्थान विचारल्यास सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय अजबखान्यांचें नांव ते घेतात. गेल्या वर्षांत अशीं पुष्कळ चित्रें आमच्या पाहण्यांत आलीं. बहुतेकांनीं आमचें समाधान केलें नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार करितां जें सुचलें, तें रसिक वाचकांपुढें ठेवीत आहों.

नेपल्स येथील फेरांते इंपेरातो याच्या १५९९ सालच्या ग्रंथांतील चित्रांत छताला भली मोठी मगर टांगलेली दिसते. कोपनहेगनच्या ओले वॉर्म याच्या १६५५ सालच्या ग्रंथांत मासे, शिंगें, कांसवांच्या पाठी आणि उत्तरध्रुवाकडील एक होडी एकाच दालनांत नांदतात. वरवर पाहतां हा निव्वळ गोंधळ होय. परंतु त्यामागें एक श्रद्धा होती. सृष्टीनें घडविलेल्या आणि मनुष्यानें घडविलेल्या वस्तु शेजारीं शेजारीं ठेविल्या, तर त्या परस्परांशीं कांहीं बोलतात, अशी ती श्रद्धा. शिवाय प्रत्येक वस्तूस वजन होतें, किंमत होती आणि ती मिळविणाराचे श्रम होते. जागा मोजकी, एक ठेवावयाची तर दुसरी हलवावी लागे. निवड ही तेथें सक्तीची होती.

संगणकावर ही सक्ति उरत नाहीं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें २०१७ सालीं सुमारें पावणेचार लाख चित्रप्रती सर्वांस मोफत खुल्या केल्या. इतर संग्रहालयांनींही तोच मार्ग धरिला. ज्ञानाच्या दृष्टीनें हें अभिनंदनीयच आहे. पण फळ असें आलें कीं, ज्याच्या त्याच्या चित्रांत तेंच फुलपांखरूं, शारीरशास्त्राच्या पुस्तकांतला तोच हात आणि घड्याळाचें तेंच चक्र भेटूं लागलें. शंख आणि देवमासा एकाच मापाचे झाले. थरावर थर चढवावा, न रुचल्यास क्षणांत पुसावा. चुकण्याची धास्ती नाहीं, म्हणून निवडण्याची जबाबदारीही नाहीं. वस्तु कोठली, कोणाची, कोणाच्या घरांतून उचलली गेली, ही चिठ्ठी तर वाटेंतच गळून पडते. आश्चर्याच्या जागीं मग नुसती सजावट उरते.

याच्या उलट एक उदाहरण आमच्या उपनगरांतलेंच आहे. घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांनीं गुजरातेंतील २००२ सालच्या हिंसाचारानंतर ‘ब्रोकन ब्रँचेस’ या नांवाचीं नऊ लांकडी कपाटें रचिलीं. पोरबंदर येथील गांधीजींच्या स्मारकसंग्रहालयांतील कपाटांवरून त्यांस ही कल्पना सुचली. काचेआड हातानें रंगविलेलीं छायाचित्रें आहेत, अवजारें आहेत आणि वापरलेले कृत्रिम अवयवही आहेत. दुर्मीळ म्हणावें असें त्यांत फारसें कांहीं नाहीं. पण महात्म्याच्या स्मृतीचें कपाट आणि कोणा अनामिकाचा खोटा पाय यांची गांठ पडतांच जो अर्थ उमटतो, तो दोहोंपैकीं एकांतही पूर्वीं नव्हता. कोलाजाचें सारें सामर्थ्य या गांठींत आहे. वस्तूंच्या संख्येंत नाहीं.

तर मग दोष यंत्राचा काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. वॉर्मच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह डेन्मार्कच्या राजाकडे गेला आणि तें दालन मोडलें; आज आपण पाहतों तें त्याचें छापील चित्रच. म्हणजे अजबखान्याचें चित्र कधीं कधीं अजबखान्याहून दीर्घायुषी ठरतें. प्रश्न साधनाचा नसून, कोणती वस्तु मोडूं पाहत आहे आणि कोण ती राखूं इच्छितो, हा आहे.

आपल्याकडे हें पुण्याच्या दिनकर केळकरांनीं ओळखिलें. १९२० च्या सुमारास त्यांनीं आरंभिलेला आणि १९७५ सालीं शासनाच्या स्वाधीन केलेला संग्रह अडकित्ते, दिवे अशा घरगुती वस्तूंनीं भरलेला आहे. त्यास नांव त्यांच्या अकालीं निवर्तलेल्या मुलाचें आहे. आमच्या मुलुंड-घाटकोपरच्या घरांतही केळकरांच्या संग्रहाचीं धाकटीं भावंडें होतीं. दिवाणखान्यांतील ‘शोकेस’ तीं हीच. पुनर्विकासांत इमारती पडत आहेत, आणि भाड्याच्या तात्पुरत्या खोलींत हीं कपाटें मावत नाहींत.

एका विद्यार्थिनीनें मुलुंडच्या आपल्या आजीचें असेंच कपाट संगणकावर उतरविलें. वस्तूंचीं मापें तिनें खरीं ठेविलीं. फुटलेल्या बाहुलीची जागा रिकामी सोडली. प्रत्येकीखालीं आजीचे शब्द लिहिले. एका ठिकाणीं आहे: ‘शंख रामेश्वरचा. वाजत नाहीं.’ वर्षभरांत आम्हांस खिळवून ठेवणारें चित्र हें एकच. त्याच्या कोंपऱ्यांत मात्र तेंच विलायती फुलपांखरूं होतें. तें काढावें, असें आम्हीं सुचविलें. तिनें काढिलें नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, आजीनेंही कपाटाच्या दाराला कॅलेंडरावरचें एक विलायती फूल कापून चिकटविलें होतें. यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं; आणि वर जो निवाडा दिला, तो ज्या चित्रांपाशीं आम्ही असें विचारावयास थांबलों नाहीं, त्यांच्यापुरता थोडा सैल धरावा, असें आतां वाटतें.