उशीर कोणाचा? क्रेडिट कार्डावरच्या एका पेपरची उलटतपासणी

कोर्सवर्क सुरू झालं की गाईड पहिला सल्ला देतात, 'भरपूर पेपर वाचा.' कसे वाचायचे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. म्हणून आज एकच पेपर घेऊया. मला मनापासून आवडलेला, आणि तरीही एका जागी खटकलेला.

पेपरचं नाव 'लर्निंग इन द क्रेडिट कार्ड मार्केट'. सुमित अगरवाल, जॉन ड्रिस्कॉल, झेव्हियर गाबे आणि डेव्हिड लेब्सन या चौघांनी 2008 मध्ये तो एनबीईआरच्या वर्किंग पेपर मालिकेत काढला. डेटा अमेरिकेतला, मासिक स्टेटमेंट्स सुमारे 40 लाख. प्रश्न साधा आहे. कार्डावर दंड बसला की माणूस शिकतो का? दंडाचे प्रकार तीन घेतलेत : बिल उशिरा भरल्याचा, मर्यादा ओलांडल्याचा आणि कार्डावर रोख काढल्याचा. नव्या खात्यावर महिन्याला सरासरी 15 डॉलर असा दंड पडतो. पहिल्या तीन वर्षांत तो 75 टक्क्यांनी घटतो. मागच्या महिन्यात दंड भरला असेल, तर या महिन्यात पुन्हा भरण्याची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी कमी होते. आणि सगळ्यात गंमतशीर भाग म्हणजे हे शहाणपण टिकत नाही. महिन्याला साधारण 10 टक्के या वेगाने ते ओसरतं. चटका बसला की माणूस जपून वागतो, मग हळूहळू विसरतो.

लेखकांनी हलगर्जीपणा केलेला नाही, हे आधीच सांगतो. लोकांनी कार्ड वापरणंच थांबवलं म्हणून दंड घटला का? पैशांची अडचण सुटली म्हणून घटला का? अशा पर्यायी शक्यता त्यांनी तपासल्या आहेत. एकाच खात्याची काळानुसार स्वतःशी तुलना केली आहे. टीका करायला बसताना पहिलं काम हेच : आपल्याला सुचलेली शंका लेखकांना आधीच सुचली होती का, ते बघा. माझ्या दोन शंका तिथेच गळाल्या.

तिसरी उरली. ती पेपर वाचून नाही, माझ्याच बिलावरून आली होती.

एम.ए.ला असताना माझ्याकडे एका बँकेचं कार्ड होतं. दिवाळीच्या आठवड्यात, शेवटच्या तारखेला संध्याकाळी मी एका ॲपवरून पूर्ण बिल भरलं. 'पेमेंट यशस्वी' असा हिरवा टिकमार्क आला, खात्यातून पैसे लगेच गेले. कार्डाच्या खात्यावर ते जमा झाले पाचव्या दिवशी, मध्ये सुट्ट्या होत्या म्हणून. पुढच्या बिलात 500 रुपये विलंब शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 590. दोनदा फोन केले. पहिल्यांदा 'सिस्टीमनेच लावलंय सर', दुसऱ्यांदा बरीच हुज्जत. त्यापुढच्या बिलात 500 परत आले. 90 रुपये गेले ते गेलेच. तेव्हापासून मी बिल आठवडाभर आधी भरतो.

आता मला त्या पेपरच्या डेटामध्ये बसवून बघा. एका महिन्यात दंड : होय. पुढच्या महिन्यांत दंड : नाही. म्हणजे मी 'शिकलेला ग्राहक'. शिकलो हे खरंच आहे, पण काय शिकलो? वेळेवर पैसे भरायला मी विसरलोच नव्हतो. मी शिकलो ते एवढंच, की माझं कॅलेंडर आणि कंपनीचं कॅलेंडर वेगळं चालतं.

'उशीर' या एका शब्दात तीन तारखा दडलेल्या असतात : ग्राहकाने पैसे पाठवले ती, कंपनीला मिळाले ती आणि खात्यावर जमा दाखवले ती. दंडाची नोंद त्यातल्या एकाच तारखेवरून होते, आणि ती तारीख ग्राहकाच्या हातात नसते. त्या काळच्या अमेरिकेत बरीच बिलं चेक पोस्टाने पाठवून भरली जात. पैसे मिळाले त्याच दिवशी जमा करायचा नियम तिथे होता, पण दिवस किती वाजता संपतो हे ठरवायला कंपन्यांना बरीच मोकळीक होती. दुपारच्या टपालातला चेक मग दुसऱ्या दिवसाचा धरला जाऊ शके. घाई करण्यात कंपनीचा फायदाही नव्हता. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2006 च्या अहवालानुसार सरासरी विलंब शुल्क 1995 मध्ये 13 डॉलर होतं, ते 2005 मध्ये 34 डॉलर झालं. ज्याच्या खिशात दंड जातो, घड्याळही त्याच्याच हातात. (1996 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विलंब शुल्क म्हणजे व्याजाचाच प्रकार, असं मानलं. त्यामुळे राज्याराज्यांच्या मर्यादांना बगल देणं कंपन्यांना सोपं गेलं. ती वेगळीच कथा आहे.)

इथे उत्साहाच्या भरात 'म्हणजे पेपर चुकीचा' असं लिहू नका. मी माझ्या पहिल्या टिपणात तसं लिहिलं होतं आणि सेमिनारमध्ये तोंडावर आपटलो. विचार करा : कंपनीच्या चुकीने बसणारा दंड जर कुणालाही, कधीही बसत असेल, तर त्यामुळे पुढच्या महिन्यातली ती 40 टक्क्यांची घट आपोआप येत नाही. उलट ती थोडी पुसट व्हायला हवी. घट दिसते, याचा अर्थ लोकांचं वागणं खरोखर बदलतं. आकडा उभा राहतो. हलतो तो त्याचा अर्थ. पेपरच्या भाषेत दंड म्हणजे ग्राहकाने आपल्या चुकीची मोजलेली किंमत. पण स्टेटमेंटवर फक्त रक्कम असते. भांडण नसतं, फोन नसतो, कोणाचा उशीर तेही नसतं. चूक ग्राहकाची मानली तर उपाय निघतो तो आठवण करून देणारा एसएमएस आणि आर्थिक साक्षरतेची शिबिरं. घड्याळ कंपनीचं आहे हे धरलं, तर उपाय निघतो तो घड्याळाचा नियम.

अमेरिकेने पेपरच्या पुढच्याच वर्षी तो केला. 2009 च्या कार्ड कायद्यानुसार देय तारखेला संध्याकाळी 5 च्या आधी आलेले पैसे उशिराचे धरता येत नाहीत. देय तारीख दर महिन्याला तीच ठेवावी लागते, आणि बिल तिच्या किमान 21 दिवस आधी पाठवावं लागतं. विलंब शुल्कालाही लगाम बसला. गंमत म्हणजे या कायद्याच्या परिणामांवरच्या 2015 च्या एका गाजलेल्या पेपरमध्येही अगरवाल आहेत. ग्राहकांचे वर्षाला 11.9 अब्ज डॉलर वाचले, असा त्यांचा अंदाज. पण हा आकडा मुख्यतः शुल्कांवरच्या मर्यादांचा आहे, 5 वाजताच्या नियमाचा म्हणून तो खपवू नका.

तुमच्यापैकी कोणी भारतातल्या कार्डांवर सिनॉप्सिस लिहीत असेल, तर आपल्याकडचा एक नियम उपयोगी आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकल्यावरच दंड लावता येतो, आणि तोही फक्त शिल्लक रकमेवर. म्हणजे चौथा दिवस ही एक रेघ आहे. रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक तुलनेला घ्यायचा मोह होईल. घ्या. पण बँकेकडे डेटा मागताना पैसे निघाल्याची आणि जमा झाल्याची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत मागा, आणि परत केलेल्या दंडाचा रकाना न विसरता मागा. तो नसेल, तर माझे 500 रुपये तुमच्या तक्त्यात माझी चूक म्हणूनच पडून राहतील.